आधी नजर, मग भोक : जुन्या गाडीच्या आरशांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेली सगळी पत्रं बाजूच्या आरशांबद्दल आहेत. इंजिन, कार्बुरेटर, वायरिंग यांवर महिनोन् महिने घाम गाळणारी माणसं आरसा मात्र अगदी शेवटी, रंगकाम उरकल्यावर, जिथे शोभेल तिथे लावून टाकतात. माझा आग्रह उलटा आहे. आरसा गाडीचा नसतो, चालवणाऱ्याच्या डोळ्यांचा असतो. त्याची जागा सीटवर बसूनच ठरवायची.

प्रश्न : वडिलांनी जपलेली १९५६ची मॉरिस मायनर आता मी चालवतो. तिला बाहेर एकही आरसा नाही. जुन्या फोटोंत काही गाड्यांच्या पुढच्या मडगार्डवर आरसे दिसतात, काहींच्या दारांवर. वडिलांना मडगार्डवरचे हवेत, कारण ते त्या काळाला धरून आहेत. मी काय करावं?

उत्तर : वडिलांच्या म्हणण्यात फक्त आठवण नाही, तथ्यही आहे. मडगार्डवरचा आरसा समोरच्या काचेतूनच दिसतो. मान वळवावी लागत नाही, रस्त्यावरची नजर जेमतेम हलते आणि काचेचा खांबही मध्ये येत नाही. जपानमध्ये तर १९८३पर्यंत नव्या मोटारींना दारावर आरसे लावायची मुभाच नव्हती, सगळे मडगार्डवर.

अडचण अंतराची आहे. सपाट आरसा म्हणजे भिंतीतली खिडकी समजा. खिडकीला नाक लावून उभं राहिलं की सगळं अंगण दिसतं, चार पावलं मागे सरकलं की अंगणाचा एक पट्टा उरतो. १० सेंटिमीटर रुंद सपाट आरसा दारावर, डोळ्यापासून ७० सेंटिमीटरवर असेल, तर त्यात २० मीटर मागचा साधारण ३ मीटर रुंदीचा रस्ता दिसतो. म्हणजे एक लेन. तोच आरसा मडगार्डवर, डोळ्यापासून १७० सेंटिमीटरवर नेला, की हाच पट्टा सव्वा मीटरवर येतो. त्यात एक मोटारसायकल मावेल, गाडी मावणार नाही. म्हणून मडगार्डवर लावायचाच तर बहिर्वक्र, म्हणजे बाहेरून फुगीर, काचेचाच लावा. १२०० मिलिमीटर वक्रता-त्रिज्येची (त्रिज्या जितकी लहान, तितकी काच जास्त फुगीर) काच घेतली तर त्याच जागी पट्टा साडेचार मीटरच्या वर जातो. हे हिशेब ढोबळ आहेत, पण निर्णय घ्यायला पुरेसे आहेत.

आता जागा कशी शोधायची ते सांगतो. सपाट जमिनीवर गाडी उभी करा. सीट रोजच्या जागी सरकवा आणि रोज बसता तसेच बसा, फोटोसाठी बसल्यासारखे ताठ नको. मदतनीसाला आरसा हातात धरून मडगार्डवर इंचाइंचाने पुढेमागे सरकवायला सांगा. तुमच्या मागे २० मीटरवर एखादी खुर्ची ठेवा. ती दिसू लागली की मदतनीसाने चिकटपट्टी लावून खूण करायची. मग घरात गाडी चालवणारं दुसरं कोणी असेल तर त्यांना बसवा आणि पुन्हा बघा. उंचीत फरक असेल तर दोघांना चालेल असा मधला ठिकाणा काढावा लागतो, कारण या आरशांना आतून फिरवायची दांडी नसते. प्रत्येक वेळी खाली उतरून फिरवायचा आरसा थोड्याच दिवसांत कोणी फिरवेनासं होतं.

वडील आणि तुम्ही दोघंही चालवणार असाल तर माझं मत दारावरच्या आरशाकडे झुकतं. एकटेच चालवणार असाल तर वडिलांचा हट्ट जरूर पुरवा.

प्रश्न : दाराला भोक पाडायला हात धजत नाही. मूळ पत्रा आहे, मूळ रंग आहे. भोक न पाडता काही होतं का? आणि पाडायचंच झालं तर कसं?

उत्तर : हात धजत नाही हे चांगलं लक्षण आहे. आधी बिनभोकाचे मार्ग संपवू.

फोक्सवॅगन बीटलच्या १९६७पर्यंतच्या मॉडेलांत बाहेरचा आरसा दाराच्या वरच्या बिजागरीतच बसायचा. तुमच्या गाडीच्या बिजागऱ्या बाहेर असतील तर पिन बदलून आरशाची दांडी बसवता येते का ते पाहा. दाराच्या कडेला चिमट्यासारखे धरणारे आरसे मिळतात. त्यांच्या आतल्या बाजूला रबर घाला आणि दार लावल्यावर चिमटा चौकटीवर घासत नाही ना हे दारात कागद धरून तपासा. कागद सहज निघाला पाहिजे. युद्धापूर्वीच्या गाड्यांत पुढच्या मडगार्डमध्ये जादा चाक उभं बसवलेलं असेल तर त्या टायरवर पट्ट्याने आवळायचा आरसा त्या काळातच वापरात होता आणि तो दिसतोही देखणा.

यातलं काहीच जमलं नाही, तर भोक. माझ्या पहिल्या गाडीला मी बाहेरून जागा ठरवली, भोक पाडलं, बोल्ट आवळले आणि समाधानाने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी काच खाली करताना दारातून कर्र असा आवाज आला. बोल्टाचं टोक आत जेमतेम अर्धा सेंटिमीटर जास्त आलं होतं. काचेवर वरपासून खालपर्यंत चरा उमटला आणि मूळ काच कायमची गेली. तेव्हापासून दाराचं आतलं कव्हर काढल्याशिवाय मी ड्रिलला हात लावत नाही. तुम्हीही लावू नका. कव्हर काढा, काच पूर्ण खाली घ्या, पुन्हा वर घ्या आणि टॉर्च घेऊन बघा की काच, तिची खाच आणि वर-खाली करणारी यंत्रणा नेमकी कुठून जाते. पुढची त्रिकोणी काच उघडणारी असेल तर तीही पूर्ण उघडून बघा, ती आरशाच्या दांडीवर आपटता कामा नये. आणि सीटवरून पाहताना त्या त्रिकोणी काचेची उभी पट्टी बरोबर आरशाच्या मधोमध येत असेल, तर जागा दोन-तीन सेंटिमीटर सरकवा. ही चूक मी कितीतरी सुंदर गाड्यांवर पाहिली आहे.

मग पत्र्यावर चिकटपट्टीचे दोन थर लावा, आरशाच्या तळाचं रबर त्यावर ठेवून पेन्सिलीने भोकं उमटवा. मागून लाकडाचा ठोकळा धरून पंचाने हलकासा ठिपका मारा, नाहीतर ड्रिल रंगावरून घसरतं आणि ती रेघ आयुष्यभर डोळ्यांना टोचते. ३ मिलिमीटरने सुरुवात करा, मग टप्प्याटप्प्याने मोठं करत जा, वेग कमी ठेवा. कड कानशीने साफ करा, उघड्या पत्र्याला जस्तयुक्त प्रायमर लावा, त्यावर रंग लावा आणि पूर्ण वाळू द्या. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. ओल्या रंगावर रबर आवळलं की रंग रबराबरोबर निघतो आणि वर्षभराने तळाखालून गंजाचा ओघळ येतो. दाराच्या आत पडलेला लोखंडाचा चुरा चुंबकाने टिपून घ्या. तो दाराच्या तळाशी, पाणी जायच्या भोकांत साचला तर दार आतून कुजतं.

आतून पत्र्यामागे दीड-दोन मिलिमीटर जाडीची पट्टी द्या, आरशाच्या तळापेक्षा मोठी. नट नायलॉनचं कडं असलेले वापरा, कारण ते थरथरीने सुटत नाहीत. बोल्टांची टोकं तेवढीच बाहेर ठेवा, जेवढी नटाला हवीत. आवळताना बेताने. जुन्या आरशांचे तळ बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम असतात, ते वाकत नाहीत, थेट तडकतात. गाडीचा पत्रा ॲल्युमिनियमचा असेल तर स्टीलचा बोल्ट त्याला थेट टेकू देऊ नका. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी, एवढ्यावर ॲल्युमिनियम पांढरं पडून झिजायला लागतं. बोल्टावर नायलॉनची नळी आणि दोन्ही बाजूंना नायलॉनचा वॉशर घाला.

प्रश्न : माझी गाडी १९२०च्या दशकातली आहे आणि कारखान्यातून बिनआरशाचीच निघाली होती. आरसा लावला तर तिचं मूळपण जातं असं मित्र म्हणतात.

उत्तर : प्रदर्शनाच्या मैदानात उभी राहणारी गाडी आणि रस्त्यावर धावणारी गाडी यांत मी फरक करतो. रस्त्यावर धावत असेल तर आरसा हवाच. मागचं पाहण्याची गरज काही नंतर उपटलेली नाही. इंग्लंडच्या मोटारचालक डोरोथी लेव्हिट यांनी १९०९मध्येच गाडी चालवणाऱ्या स्त्रियांना लहान हातआरसा जवळ ठेवायला सांगितलं होतं, चालवताना अधूनमधून उंच धरून मागचा रस्ता पाहण्यासाठी. तुम्ही चिमट्याचा आरसा लावा आणि मैदानात पोहोचल्यावर काढून डिकीत ठेवा.

प्रश्न : ताशी ५० किलोमीटरपर्यंत आरसा स्थिर असतो. त्यापुढे त्यातली प्रतिमा इतकी थरथरते की मागे ट्रक आहे की बस तेही कळत नाही. बॉल जॉइंट (गोळी-वाटीचा सांधा) सैल असेल म्हणून तेल घालून पाहिलं, पण आता तर आरसा आपोआप खाली मान टाकतो.

उत्तर : तेल आधी पुसून काढा. तो सांधा घर्षणावरच उभा असतो, तेल घातलं की त्याचा आधारच गेला.

या तक्रारीचं वय आरशाइतकंच आहे. १९११ साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या पहिल्या ५०० मैलांच्या शर्यतीत बाकीचे चालक मागे पाहायला शेजारी मेकॅनिक बसवून धावत होते. रे हॅरून यांनी मात्र आपल्या एकट्याच्या मार्मन वास्प या शर्यतीच्या गाडीवर आरसा बसवला आणि शर्यत जिंकली. नंतर त्यांनीच सांगितलं की विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका हादरत होता की त्यात काही दिसत नव्हतं.

कारण साधं आहे. आरसा जेवढ्या अंशाने हलतो, त्याच्या दुप्पट परावर्तित किरण हलतो. आरसा अर्धा अंश थरथरला की दृश्य एक अंश हलतं आणि २० मीटर मागे एक अंश म्हणजे ३५ सेंटिमीटर. इतका छोटा हिसका बोटाला जाणवतही नाही, पण प्रतिमा पुसून टाकायला तो पुरतो.

आधी रोग कुठे आहे ते शोधा. गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये इंजिनाचे फेरे हळूहळू वाढवा. विशिष्ट फेऱ्यांवर आरसा थरथरला तर कंप इंजिनाकडून येतोय, तेव्हा इंजिनाची रबरी बैठक तपासा, ती बहुधा दगड झालेली असते. उभ्या गाडीत काहीच झालं नाही तर कारण रस्ता, चाकं किंवा वारा. मग मदतनीसाला सीटवर बसवा आणि आरशाच्या तळाशेजारी दाराच्या पत्र्यावर अंगठा दाबा. तेवढ्याने आरशातलं दृश्य हललं तर दोष आरशाचा नाही, पत्र्याचा. आत आधाराची पट्टी हवी. तळाखालचं रबर जाड आणि मऊ असेल तर तेही बदला, पातळ आणि टणक घाला. जाड रबराने कंप शोषला जातो असं वाटतं, प्रत्यक्षात आरसा गादीवर उभ्या केलेल्या काठीसारखा डोलतो.

पत्रा घट्ट असेल तर सांध्याकडे वळा. सांधा उघडा, गोळी आणि वाटी थिनरने धुवा, गोळीवरून बारीक पॉलिशपेपर एकदा गोल फिरवा. चकचकीत गोळी घसरते, जराशी खरखरीत धरून ठेवते. आत स्प्रिंग असेल तर ती दबून ढिली झाली आहे का पाहा. नवी मिळेपर्यंत तिच्याखाली एक वॉशर घालून ताण वाढवता येतो. एवढं करूनही थरथर राहिली तर दांडीची लांबी कमी करा. मी बहुतेक वेळा इथवर येतोच आणि लांब नाजूक दांडी काढून आखूड लावली की निम्मं दुखणं जातं.

प्रश्न : परवा लेन बदलताना डावीकडच्या आरशात मागची गाडी चांगली लांब दिसली, म्हणून वळलो, तर ती जवळजवळ अंगावरच आली. आरसा नवा आहे. तो सदोष आहे का?

उत्तर : सदोष नसावा, बहिर्वक्र असावा. तो जास्त रस्ता दाखवतो त्याची किंमत म्हणून सगळं लहान दाखवतो, आणि आपला मेंदू लहान म्हणजे लांब असं धरून चालतो. १२०० मिलिमीटर त्रिज्येच्या आरशात, डोळा ७० सेंटिमीटरवर असताना, २० मीटर मागची गाडी जेवढी दिसते तेवढी सपाट आरशात ती ४०-४५ मीटरवर असती तर दिसली असती. म्हणजे अंतर दुपटीहून जास्त वाटतं. अमेरिकेत चालकाच्या बाजूचा आरसा सपाट ठेवायचा आणि पलीकडचा बहिर्वक्र असेल तर त्याची त्रिज्या ८८९ ते १६५१ मिलिमीटरमध्ये ठेवून, वस्तू दिसतात त्याहून जवळ आहेत अशी सूचना काचेवरच लिहायची, असा नियम झाला तो याच कारणाने.

तुमच्या आरशाची वक्रता घरच्या घरी मोजता येते. पोलादी पट्टी काचेवर आडवी, मधोमध टेकवा. दोन्ही टोकांना सारखी फट राहू द्या आणि टॅपेट जुळवायचं फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचं माप) त्या फटीत सारून बघा. १० सेंटिमीटर रुंदीच्या काचेला कडांशी साधारण १ मिलिमीटर फट असेल तर त्रिज्या १२००च्या आसपास आहे. २ मिलिमीटर असेल तर ती ६००वर आली, आणि असा आरसा गाडी मागे घेताना ठीक असला तरी लेन बदलायला मी त्यावर विसंबणार नाही. जुन्या गाड्यांसाठी मिळणाऱ्या छोट्या गोल आरशांत अशा फार फुगीर काचा बऱ्याच सापडतात, म्हणून विकत घेतानाच पट्टी जवळ ठेवा.

बाजूच्या आरशात कोणी आहे की नाही एवढंच बघायचं. ते किती लांब आहे हे आतल्या सपाट आरशात. डावा आणि उजवा दोन्ही बहिर्वक्र असतील तर निदान दोघांची वक्रता एक ठेवा, नाहीतर डोळ्यांना दर वेळी नवा हिशेब करावा लागतो.

प्रश्न : माझ्याकडे १९५५ची बीटल आहे, मागची काच अंडाकृती. आरसे असे लावा की त्यात स्वतःची गाडी अजिबात दिसता कामा नये, असं हल्ली सांगतात. तसं केलं तर मला मागचं काहीच कळेनासं झालं.

उत्तर : ती पद्धत चुकीची नाही. अमेरिकन अभियंते जॉर्ज प्लॅत्झर यांनी १९९५मध्ये तिची भूमिती नीट मांडली. डोकं उजव्या खिडकीला टेकवायचं आणि उजवा आरसा गाडीची कड जेमतेम दिसेल इतका बाहेर फिरवायचा, मग डोकं गाडीच्या मधोमध आणून डावा तसाच. (डावीकडून चालवायची गाडी असेल तर बाजू उलट्या.) सरळ बसल्यावर दोन्ही आरसे शेजारच्या लेन पाहतात आणि ब्लाइंड स्पॉट, म्हणजे कुठल्याच आरशात न दिसणारा आंधळा कोपरा, पुष्कळ आक्रसतो.

पण या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: सरळ मागचं सगळं आतला आरसा दाखवतो. तुमच्या अंडाकृती काचेतून तो दाखवत नाही, आणि १९५३च्या आधीच्या, दोन भागांच्या मागच्या काचेच्या बीटलमध्ये तर त्याहून कमी. म्हणून तुम्ही मधला मार्ग घ्या. चालकाच्या बाजूच्या आरशात, आतल्या कडेला मागच्या मडगार्डची बोटभर कड राहू द्या. ती कड दिसली की दृश्याला बूड मिळतं, बाकीचं कुठे आहे ते लगेच उमगतं. पलीकडचा आरसा मात्र सांगितल्याप्रमाणे बाहेर फिरवा. उभं माप असं ठेवा की लांबवरची क्षितिजरेषा आरशाच्या मधोमध किंवा किंचित वर येईल. चार माणसं आणि सामान भरलं की जुन्या गाडीची शेपटी खाली बसते आणि आरशात जवळचा रस्ताच जास्त दिसू लागतो, तेव्हा लांबच्या प्रवासाला निघताना सामान भरून झाल्यावरच आरसे जुळवा.

मग परीक्षा घ्या. गाडी उभी ठेवा आणि कोणाला तरी मागून शेजारच्या लेनमधून चालत पुढे यायला सांगा. आतल्या आरशातून ती व्यक्ती जाण्याआधी बाहेरच्या आरशात आली पाहिजे आणि बाहेरच्यातून जाण्याआधी डोळ्याच्या कोपऱ्यात. मध्ये जितकी पावलं ती कुठेच दिसत नाही, तितका तुमचा आंधळा कोपरा. तो आकडा लक्षात ठेवा आणि वळताना तेवढ्यासाठी मान वळवा. जुळलं की दांडी आणि तळ यांवर पांढऱ्या पेन्सिलीची एक बारीक रेघ ओढून ठेवा. गाडी पुसताना आरसा हलतोच, रेघेला रेघ जुळवली की काम होतं.

प्रश्न : उघडी दोन सीटची गाडी आहे. पावसात हूड (कापडी छप्पर) आणि बाजूचे पडदे चढवले की आरसा पडद्याआड जातो.

उत्तर : आरसा समोरच्या काचेच्या रेषेच्या पुढे न्या, म्हणजे तो पडद्यातून न दिसता काचेतून दिसेल. काचेच्या बाजूच्या खांबाला आवळणारी, पुढे झुकलेली दांडी त्यासाठी योग्य. काच पुढे पाडता येणारी असेल तर आरसा हलणाऱ्या चौकटीला नको, स्थिर खांबालाच लावा. आणि वायपर जिथवर पुसतो त्या भागातूनच तो दिसेल असं बघा.

प्रश्न : आईच्या गाडीचा मूळ गोल आरसा सापडला. क्रोम अजून छान आहे, पण काचेचा पारा कडेने उडून काळे डाग पडलेत. काच बदलू की पारा पुन्हा चढवू?

उत्तर : पारा हा शब्द आपण अजून वापरतो, पण आरशामागे पारा नसतो. पूर्वी कथील आणि पाऱ्याचा लेप असायचा. १८३५मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग यांनी काचेवर चांदी चढवायची रासायनिक रीत काढली आणि हळूहळू पारा मागे पडला. तुमच्या आरशावरचे काळे डाग बहुधा त्या चांदीचेच आहेत. कडेच्या रंगाखालून ओल शिरली की डाग बाहेरून आत पसरतात.

काच बहिर्वक्र आणि शाबूत असेल तर पुन्हा चांदी चढवून घ्या, कारण त्याच वक्रतेची, त्याच मापाची काच सहजी मिळत नाही. सपाट असेल तर काच कापणाऱ्याकडून त्याच जाडीची नवी गोल काच घ्या. जाडी कॅलिपरने मोजा, कारण अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानेही काच धरणारं कडं नीट मिटत नाही. कडं उघडताना एकाच जागी जोर देऊ नका. लाकडी पाचर घेऊन गोल गोल फिरत, दर फेरीला केसभर उचला.

काच बसवण्याआधी तिच्या कडेला सगळीकडून रंगाचा एक हात द्या, मूळ दुखणं तिथूनच सुरू झालं होतं. चिकटवायला सिलिकॉन वापरणार असाल तर हुंगून बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ते आम्ल सोडतं आणि चांदी पुन्हा खातं. वास नसलेलं न्यूट्रल प्रकारचं घ्या, तेही तीन ठिपक्यांपुरतं. काचेमागच्या धातूच्या वाटीच्या तळाशी पाणी निथळायचं बारीक भोक असेल, ते जुन्या पॉलिशने बुजलेलं असतं. सुईने मोकळं करा आणि आरसा दांडीवर चढवताना ते भोक खालच्या बाजूला येऊ द्या.